गावचा निधी आणि यादीबाहेरची माणसे

संकट आले म्हणजे आपल्या समाजाचा हात सैल सुटतो, हा आपणा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. भूकंप होवो, महापूर येवो की वादळ सुटो. चार दिवसांच्या आत चौकाचौकांत पेट्या फिरू लागतात, शाळेतली मुले खाऊचे पैसे आणून देतात, गिरण्या-कचेऱ्यांतून एक दिवसाचा पगार कापून घेतला जातो, आणि धान्याने व कपड्यांनी भरलेल्या मोटारी रस्त्याला लागतात. तेव्हा आपल्याकडे दानत नाही, असे कोणी म्हटले तर ते खरे मानण्याचे कारण नाही. परंतु दिलेले दान ज्याच्यासाठी दिले त्याच्या हाती पडते किंवा नाही, पडले तर वेळेवर पडते किंवा नाही, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. आजच्या व्याख्यानात आम्ही हाच प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहोत. त्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच उपनगर जिल्ह्यातील मढ हे गाव आपण समोर ठेवू.

मढ आपणा बहुतेकांना ठाऊक असते ते सुटीच्या दिवशी समुद्रावर जाण्याचे ठिकाण म्हणून, नाही तर तेथील किल्ल्यामुळे आणि चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांमुळे. वर्सोव्याहून तरीत बसले की काही मिनिटांत पलीकडचा किनारा लागतो. तेच सडकेने जायचे झाले तर मालाडवरून मार्व्याच्या रस्त्याने चांगला लांबचा फेरा पडतो. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस खाडी, अशा चिंचोळ्या भूमीवर मढ, भाटी, एरंगळ ही गावे वसली आहेत. मढचा खरा संसार बंगल्यांवर चालत नाही, तो चालतो मासळीवर. येथील कोळी पिढ्यान् पिढ्या डोलीची मासेमारी करीत आले. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून समुद्रात बांधलेले, पिशवीसारखे लांबलचक जाळे. त्यात बोंबील, जवळा, कोळंबी सापडते. त्यातली काही ओली विकली जाते आणि बरीचशी किनाऱ्यावर सुकविली जाते. बांबूंच्या चौकटींना दोऱ्या ताणून त्यांवर जोडीजोडीने लटकविलेले बोंबील ज्याने पाहिले आहेत, त्याला या धंद्यात किती हात लागतात याची कल्पना येईल.

एका होडीवर किती माणसे जगतात याचा हिशेब करून पाहावा. होडीचा मालक जो नाखवा, तो एक. होडी हाकणारा तांडेल. त्याच्याबरोबर जाणारे खलाशी. त्यांतले पुष्कळसे आता परजिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून येतात आणि हंगामापुरते गावात राहतात. जाळी विणणारे व सांधणारे. बर्फ आणि डिझेल पोचविणारे. बंदरावर मासळी निवडणाऱ्या, सुकविणाऱ्या, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकणाऱ्या बायका. आणि त्यांत एखादी विधवा, जिची स्वतःची होडी नाही, जी रोजच्या रोज लिलावात मासळी घेऊन ती सुकवून विकते. एक होडी बुडाली तर या सर्वांच्या चुली मंदावतात. आता प्रश्न असा की, होडी बुडाल्याची नुकसानभरपाई यांपैकी कोणाच्या नावावर येते?

यादी कशी होते

दिनांक १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजराथेकडे गेले. कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. वादळाची सूचना आधी मिळाल्यामुळे होड्या बंदरात परतल्या होत्या, त्यामुळे मच्छीमारांचे प्राण पुष्कळ प्रमाणात वाचले. तथापि वादळाला बंदरातल्या होडीचीही दयामाया नसते. नांगरून ठेवलेल्या होड्या दोर तुटून एकमेकींवर आदळल्या, खडकांवर चढल्या, जाळी वाहून गेली. शिवाय मे महिना म्हणजे हंगामाचा शेवट. पावसाळ्यातली मासेमारी-बंदी तोंडावर आलेली, आगोटीची बेगमी करण्याचे दिवस; अशा वेळी सुकत घातलेली मासळी भिजली की तिचे खत होते.

मग पंचनामे झाले. केंद्र सरकारच्या त्या वेळच्या ठरीव दरांप्रमाणे पूर्ण नष्ट झालेल्या होडीस ९,६०० रुपये आणि दुरुस्त होण्याजोग्या होडीस ४,१०० रुपये मिळावयाचे. राज्य शासनाने हे दर अपुरे आहेत हे ओळखून ते वाढविले, आणि ते अनुक्रमे २५,००० व १०,००० रुपये केले. जाळ्यांसाठी ५,००० रुपये ठरविले. यांत्रिक होडी बांधावयास लाखो रुपये लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे वाढीव रक्कमही केवळ आधारापुरतीच होती हे उघड आहे. पण रकमेचा मुद्दा आपण क्षणभर बाजूला ठेवू. येथे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ती रक्कम होडीला मिळते, जाळ्याला मिळते. होडीची नोंदणी ज्याच्या नावे, परवाना ज्याच्या नावे, त्याचे नाव यादीत येते. ज्या खलाशाची कमाई बुडाली त्याच्यापाशी दाखविण्यासारखा कागद नसतो. ज्या बाईची मासळी कुजली, तिच्या मासळीची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. तिचे नुकसान खरे असते, पण ते मोजण्याचे माप सरकारापाशी नाही.

यात अधिकाऱ्यांना दोष देणे बरोबर होणार नाही. सरकारी पैसा हा सर्वांचा पैसा. तो पुराव्यावाचून वाटता येत नाही आणि वाटूही नये. तलाठी किंवा मत्स्यव्यवसाय खात्याचा अधिकारी दोन दिवसांकरिता गावात येतो. कोणाची चूल कशावर चालते हे त्याला कसे कळावे? त्याला कागदच पाहावा लागतो. म्हणजे दुखणे माणसांच्या मनात नाही, ते पद्धतीत आहे. मदत यादीप्रमाणे चालते आणि यादी कागदाप्रमाणे होते. ज्याच्यापाशी आधीपासून काही आहे त्याचा कागद असतो. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याचा कागदही नसतो. म्हणून जो सर्वांत दुबळा तोच यादीबाहेर राहण्याचा संभव अधिक.

जुना अनुभव

हा शोध काही आजचा नाही. ज्या पिढीने वसंत व्याख्यानमालेची परंपरा आपल्याकडे सुरू केली, त्याच पिढीने हा प्रश्न हाताळलेला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पुढच्याच वर्षी दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी सार्वजनिक काकांच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळविली, गावोगावची खरी स्थिती कागदावर उतरविली आणि ती सरकारपुढे ठेवली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात सभेचे लोक लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने खेड्यांत हिंडले आणि दुष्काळ संहितेप्रमाणे रयतेला कोणत्या सवलती मिळावयास पाहिजेत, हे मराठीत समजावून सांगू लागले. कायदा सरकारनेच केलेला होता. परंतु ज्यांच्यासाठी केला त्यांना तो माहीत नव्हता. सरकारला ही चळवळ रुचली नाही आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. तथापि सभेने घालून दिलेला धडा कायम राहिला. संकटकाळी पैशाइतकीच किंबहुना त्याहून अधिक गरज असते ती जाणत्या मध्यस्थाची. लोकांची स्थिती सरकारला कळविणारा आणि सरकारचा नियम लोकांना सांगणारा, असा कोणी तरी गावात उभा पाहिजे.

सभेचे कार्य दुष्काळापुरते होते. दुष्काळ सरला की माणसे परतली. असा मध्यस्थ कायमचा गावात राहावा आणि त्याच्या हाती थोडा पैसाही असावा, यासाठी काय करता येईल? याचे एक उत्तर अमेरिकेत सापडले. तेथील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाचे एक पेढीवाले होते. मरणारी धनिक माणसे मृत्युपत्रे करून दाने ठेवीत, आणि पन्नास वर्षांनी त्या दानांचा हेतूच कालबाह्य झालेला असे. पैसा पडून राही आणि गरजू उपाशी राहत. मेलेल्या माणसाच्या मुठीतून जिवंत माणसाचा पैसा सोडवावा कसा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १९१४ साली त्यांनी एक संस्था काढली. अनेकांची लहानमोठी दाने एकत्र करावयाची, मुद्दल कायम ठेवावयाचे, आणि त्याचे उत्पन्न शहराच्या त्या त्या काळच्या गरजेप्रमाणे एका निवडलेल्या समितीने वाटावयाचे, अशी तिची रचना होती. यालाच पुढे 'कम्युनिटी फाउंडेशन' असे नाव पडले. आपण त्याला 'स्थानिक लोकनिधी' म्हणू.

या संस्थेच्या आरंभीच्या इतिहासात एक गोष्ट फार बोधप्रद आहे. पहिली काही वर्षे तिच्यापाशी वाटण्याजोगा पैसा जवळजवळ नव्हता. मग तिने केले काय? शहराची पाहणी केली. गरिबांना सरकारी व खाजगी मदत कशी मिळते याची पाहणी केली, शाळांची पाहणी केली, आणि निष्कर्ष छापून शहरापुढे ठेवले. आधी ओळख आणि मग दान, असा क्रम परिस्थितीनेच तिला घालून दिला. आणि तो क्रम बरोबर होता.

परदेशाचे उदाहरण दिले म्हणून ही कल्पना परकी आहे असे कोणी समजू नये. क्लीव्हलँडच्या आदल्याच वर्षी, १९१३ साली, आपल्या रत्नागिरीजवळच्या कर्ल्यास मच्छीमारांची सहकारी संस्था निघाली. ती हिंदुस्थानातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था मानली जाते. चार जणांनी थोडे थोडे काढून अडीअडचणीला सर्वांनी वापरावे, ही बुद्धी कोकणच्या किनाऱ्याला नवी नाही. मुंबईतही गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट' हा न्यास स्थानिक लोकनिधीच्या कल्पनेवरच निघाला. महानगराच्या पातळीवर जे करता येते, ते गावाच्या आणि वॉर्डाच्या पातळीवर का करता येऊ नये?

निधी चालतो कसा

आता या निधीचे यंत्र कसे चालते ते पाहू. आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदविता येतो. विश्वस्त, घटना, दरवर्षीचे तपासलेले हिशेब या गोष्टी कायद्यानेच बांधून दिलेल्या आहेत. शिवाय मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनाही येथे वाट मोकळी आहे. १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे संस्थेने नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. त्यानंतर नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंतची रक्कम रीतसर संमती घेऊन धर्मादाय कामासाठी बाजूला काढता येते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. मढ परिसरात हिंदू कोळी आहेत तसे ख्रिस्ती कोळीही आहेत, आणि इतर जातिजमातींची वस्तीही आहे. विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्याच लोकांसाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाला करसवलत मिळण्यात अडचण येते. पण कायद्याचे राहू द्या. वादळ जात विचारून येत नाही, तेव्हा निधीनेही ती विचारू नये. निधी गावाचा असावा.

आकडे घालून पाहिले म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, गावातील व गावाबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मिळून ५०० घरांनी दरमहा १०० रुपये दिले. वर्षाला ६ लाख झाले आणि ५ वर्षांत ३० लाख. हे मुद्दल बँकेत ठेवले आणि ६ टक्के व्याज मिळाले, तर दरसाल १ लाख ८० हजार रुपये उत्पन्न होईल. त्यातले १ लाख २० हजार दरवर्षीच्या अनुदानांना द्यावे आणि ६० हजार संकटासाठी वेगळ्या खात्यात टाकावे. उत्पन्न असे साठवून ठेवताना करविषयक नियमांची पूर्तता करावी लागते, ती हिशेबनिसाकडून करून घ्यावी. वादळ दरवर्षी येत नाही. पाच वर्षांत ते खाते ३ लाखांवर जाईल. म्हणजे दीडशे कुटुंबांना पहिल्या तीन दिवसांत प्रत्येकी २,००० रुपये देता येतील. तेही मुद्दलाला हात न लावता आणि कोणाच्या दारी न जाता.

दोन हजारांनी काय होते, असे कोणी विचारील. दोन हजारांनी होडी होत नाही हे खरे. परंतु सरकारी मदत येईपर्यंतचे आठवडे निघतात, सावकाराकडे जाणे टळते, जाळे किंवा दागिना कवडीमोलाने विकावा लागत नाही. गरिबाचे कंबरडे वादळाने मोडते त्याहून अधिक ते वादळानंतर घेतलेल्या कर्जाने मोडते. म्हणून तिसऱ्या दिवशी मिळालेल्या दोन हजारांचे मोल तिसऱ्या महिन्यात मिळालेल्या वीस हजारांपेक्षा काही वेळा जास्त ठरते.

आणि आम्हांला त्याहूनही महत्त्वाचे वाटते ते वर्षावर्षाचे १ लाख २० हजारांचे लहान अनुदान. वरवर पाहता त्याचा संकटनिवारणाशी संबंध नाही. त्यातून एखाद्या बचतगटाला मासळी सुकविण्यासाठी उंच मांडव मिळेल. एखाद्या होडीला जीवरक्षक जाकिटे मिळतील. एखाद्या मुलीची शाळेची फी भरली जाईल. रात्री-अपरात्री आजाऱ्याला मालाडच्या इस्पितळात नेण्यासाठी वाहनाची सोय होईल. पण या अनुदानांचे अर्ज ऐकताना, घरे पाहताना, पैसे कसे खर्च झाले हे विचारताना निधीच्या कार्यकर्त्यांची गावाशी ओळख होत जाते. कोणाच्या घरी कमावता माणूस नाही, कोणती म्हातारी एकटी राहते, कोणत्या खोलीत किती खलाशी हंगामापुरते राहतात, हे त्यांना पाच वर्षांत पाठ होते. संकटाच्या दिवशी हीच माहिती कामास येते. शांततेच्या वर्षांत दिलेले लहान अनुदान म्हणजे संकटाच्या वर्षासाठी केलेली यादीची तयारी होय.

याचा दुसराही लाभ आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विम्याची तरतूद झाली. अपघाती मृत्यू आला तर वारसाला ५ लाख रुपये, आणि हप्ता सरकारचा. मच्छीमाराने नाव तेवढे नोंदवायचे. परंतु ज्याचे नाव नोंदलेले नाही त्याला योजना असून नसल्यासारखी. परगावाहून आलेल्या खलाशाला हे कोण सांगणार, त्याचे कागद कोण भरून देणार? निधीने एक लिहिता-वाचता मुलगा चार दिवस या कामाला लावला, तर शे-दोनशे रुपयांच्या खर्चात एका घराला ५ लाखांचा आधार मिळू शकतो. सभेच्या लोकांनी दुष्काळ संहितेच्या बाबतीत जे केले, त्याचेच हे आजचे रूप आहे.

स्थानिक निधीचा धोका

येथपर्यंत आम्ही स्थानिक निधीचे गुण सांगितले. परंतु एकच बाजू सांगणे श्रोत्यांवर अन्याय करण्यासारखे होईल. गावच्या हाती पैसा दिला की न्याय आपोआप होतो, अशी भाबडी समजूत कोणी करून घेऊ नये.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिणम् जिल्ह्यात काय झाले ते पाहावे. तेथील मच्छीमार गावांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या गावपंचायती आहेत. त्यांनी बाहेरून आलेली मदत आपल्या ताब्यात घेतली आणि गावातील सर्व घरांना समान वाटली. भांडणे टळली, पळवापळवी टळली. हे त्यांचे यश मान्य केले पाहिजे. पण गावातील घर म्हणजे कोणते? जे पंचायतीला वर्गणी देते ते. आणि वर्गणी देतो पुरुष. त्यामुळे ज्या घरात कर्ता पुरुष नाही अशा विधवा अनेक ठिकाणी मागे राहिल्या, आणि शेजारच्या वस्त्यांतील दलित मजूर, ज्यांची रोजी मासळीच्या धंद्यावरच होती, ते तर हिशेबातच आले नाहीत. म्हणजे सरकारच्या यादीला जो दोष होता तोच गावच्या यादीतही निघाला. सरकारने कागद पाहिला आणि गावाने वर्गणी पाहिली.

त्याच सुनामीत बाहेरच्या उदार संस्थांचाही एक धडा मिळाला. रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले, ते कोणी उचलीना. होड्यांचे तर इतके वाटप झाले की लहान होड्यांची संख्या सुनामीपूर्वी होती त्यापेक्षा वाढली, आणि हाकायला माणसे कमी पडू लागली. दात्याला होडी द्यावीशी वाटते, कारण होडीवर नाव रंगविता येते. मासळी सुकविणारीला भांडवल म्हणून रोख पैसे द्यावेसे कोणाला वाटत नाही. त्याचे छायाचित्र निघत नाही. बाहेरच्याला गाव दिसत नाही आणि गावाला गावाबाहेरचा दिसत नाही, असे हे दुहेरी दुखणे आहे.

यावर उपाय आहे काय? आपल्याच महाराष्ट्रात तो अंशतः करून पाहण्यात आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. (त्या उस्मानाबादचे नाव आता धाराशिव झाले आहे.) जी गावे पार जमीनदोस्त झाली ती नव्याने बांधण्यात आली, पण जेथे घरांना तडे गेले होते अशी गावे पुष्कळच होती. तेथे घरमालकांनी सरकारी साहाय्य घेऊन घरे स्वतः दुरुस्त करावयाची होती. गावकऱ्यांना योजना समजेना आणि अधिकाऱ्यांना गावे समजेनात. तेव्हा 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. हप्ता कधी मिळतो, भिंत कशी बळकट करावी, कोणाचे काम अडले आहे, ही माहिती त्या घरोघर नेऊ लागल्या आणि घरोघरची माहिती कचेरीत आणू लागल्या. गावच्या सभेत ज्यांना बोलण्याची सवय नव्हती, अशाच स्त्रियांकडे हे काम आले. ज्याचे नाव यादीतून गळण्याचा संभव अधिक, त्याच्याकडेच यादी लिहिण्याचे काम द्यावे, हे त्यातले तत्त्व आहे; आणि कोणत्याही स्थानिक निधीने ते उचलण्यासारखे आहे.

काही साधे नियम

यावरून मढसारख्या गावच्या निधीसाठी काही नियम सुचतात. समितीवर नाखव्यांबरोबर एखादा खलाशी, मासळी सुकविणाऱ्या व विकणाऱ्या स्त्रियांपैकी निदान दोघी, आणि गावाबाहेरचा, कोणाच्या नात्यागोत्यात नसलेला एक तरी माणूस असावा. ज्या अर्जाशी समितीतल्या कोणाचे नाते असेल, त्या अर्जाच्या वेळी त्याने उठून बाहेर जावे. अर्ज एका पानाचा आणि मराठीत असावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे ऐकून घेऊन लिहावे. निर्णय महिन्याच्या आत सांगावा आणि नकार दिला तर कारण द्यावे. किती रक्कम कोणत्या कामी गेली हे दरवर्षी फळ्यावर लिहून गावासमोर ठेवावे. मात्र संकटात ज्याला व्यक्तिशः मदत केली त्याचे नाव फळ्यावर लिहू नये, ते तपासनिसाच्या वहीत असावे. मदत घेणाऱ्याची मान खाली जाईल अशी मदत अर्धीच पोचते. आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. दर पावसाळ्याच्या आधी, आगोटीच्या दिवसांत, गावची वही वाचून काढावी आणि प्रत्येक पाड्यावर जाऊन एकच प्रश्न विचारावा : कोणाचे नाव राहिले?

एक आक्षेप येथे येण्यासारखा आहे. संकटात लोकांना सावरणे हे सरकारचे कर्तव्य आहे. लोकांनी निधी उभारले तर सरकार अंग काढून घेईल. हा आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. धक्का बांधणे, वादळाची सूचना देणे, घरे उभी करणे ही कामे कोणत्याही गावनिधीला झेपणार नाहीत आणि त्याने ती अंगावर घेऊही नयेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांची जी दैना झाली ती आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे. तसल्या संकटाला फक्त शासनाचेच बळ पुरे पडू शकते. परंतु त्या बळाला दिशा देण्यासाठी खालून अचूक माहिती लागते. ज्या गावापाशी आपली वही तयार आहे, ते गाव पंचनाम्याच्या दिवशी अधिकाऱ्याला अदबीने सांगू शकते की, साहेब, या चाळीस नावांचे कागद नाहीत, पण यांचे नुकसान झाले आहे, आणि त्याचा हा दाखला. त्यातली दहा नावे जरी सरकारी यादीत गेली, तरी निधीवरचा तेवढा भार उतरला. असा निधी सरकारची जागा घेत नाही. उलट सरकारला आपले काम नीट करावयास लावतो.

आता आपण शहरातल्या माणसांनी काय करावे? आपल्यातले पुष्कळ जण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणी वस्तीला आहेत. मासळी आपण बाजारातून आणतो आणि तिच्या मागची माणसे आपल्याला दिसत नाहीत. वादळ आले की आपण पेटीत पैसे टाकतो आणि मोकळे होतो. ते अवश्य टाकावेत. परंतु त्याचा काही भाग, थोडा का असेना, वादळ नसलेल्या वर्षी द्यावा आणि तो कायम मुद्दलात जाईल असे पाहावे. आणि पैशाबरोबर आपल्यापाशी असलेली विद्याही द्यावी. हिशेब तपासणारे, अर्ज लिहून देणारे, कायदा जाणणारे, औषधपाणी जाणणारे असे कितीतरी लोक या सभागृहात बसलेले आहेत. वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढ काही मिनिटांच्या अंतरावर आहे. महिन्यातून एक सकाळ तेथे जाऊन एखाद्या खलाशाचा विम्याचा कागद भरून देणे, हे आपल्यापैकी कोणालाही अवघड नाही. पुढचे वादळ कोणत्या साली येईल हे आपणास ठाऊक नाही. ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत ती माणसे आज कोठे राहतात, हे मात्र आजच विचारून लिहून ठेवता येते.